मनगट सोडायची वेळ

इथे हिरवळ नाही.
भोकाभोवती काळी वाळू आहे,
जुनं इंजिन ऑइल ओतून दाबून बसवलेली.
राजेशम रोज सकाळी तिच्यावरून ओलं पोतं ओढतो
आणि तिला ग्रीन म्हणतो.
मी हसत नाही. मी तरी कोण?
अकाउंट्समधली हेडक्लार्क,
चौथा माणूस कमी पडला म्हणून
साहेबांनी हाक मारलेली.

सात नंबरची काठी.
मी मारते आणि चेंडू वर जातो,
वर, आणखी वर,
घरी फोन करून सांगावं इतका वर.
मग होटगीकडचं वारं त्याच्या छातीवर हात ठेवतं
आणि तो साठ पावलांवर पडतो
काही विसरल्यासारखा.

"उचलायलाय तुम्ही," राजेशम म्हणतो.
"चेंडू उचलायचा नसतोय म्याडम.
काठीचं तोंड तिरपं केलंय ते कशाला मग?
तुम्ही खाली मारा.
वरचं तो बघतोय."

माझं डावं मनगट तो दोन बोटांत धरतो,
डॉक्टर धरतात तसं नाही,
ताण्यातला सैल दोरा शोधावा तसं.
"हे बघा, हे मोडायलंय. चेंडूच्या अलीकडंच.
हात मागं, काठी पुढं, मग तो आभाळातच जाणार की.
हात पुढं पाहिजे.
लागेपर्यंत मनगटानं गप बसायचं."

एकोणीस वर्षं तो खड्डामागावर होता, पूर्व भागात.
उजव्या हातात दोरी, एक झटका, धोटा पलीकडे.
झटका कमी पडला तर धोटा ताण्यातच निजतो,
जास्त झाला तर पेटीवर आपटून
सूत तोडून बाहेर.
"चेंडू म्हणजे काय, धोटाच की!"

मी मान हलवते.
कळलेलं काहीच नसतं.

पुढचा मी गप बसून मारते, इतकी गप
की काठीचं तोंड उघडंच राहतं
आणि चेंडू उजवीकडे वळत वळत
कोरड्या नाल्यात.
त्याच्या पुढचा घाईनं मिटते,
तो डावीकडे, बाभळीत.
साहेब घड्याळ बघतात.

आमच्या घरात माग नव्हता. सूप होतं.
तंबाखू, फरम्यावर कापलेली पानं,
आई, मी आणि धाकटी सुलभा,
शाळेच्या आधी तीनशे, नंतर सातशे.
घट्ट वळली तर विडी ओढत नाही.
सैल वळली तर ओठांतच उलगडते.
किती धरायचं ते आईनं कधी सांगितलं नाही.
माझ्या हातातली एक घ्यायची,
अंगठ्यानं दाबून बघायची,
परत द्यायची.
कारखान्यातला तपासणारा मात्र
मूठभर बाजूला काढायचा, न बोलता,
आणि त्याचे पैसे नाहीत.

मी काठी सोडते. पुन्हा धरते.
तेवढीच. विडीइतकी.

आवाज वेगळा येतो, आधी तोच कळतो.
चेंडू खालून जातो, वाऱ्याच्या खालून,
बाभळीच्या शेंड्याच्याही खाली,
कुणाचं लक्ष नसताना निघून जावं तसा,
मग टणक मातीवर दोनदा उडतो
आणि पळत राहतो.
"हां," राजेशम म्हणतो. एवढंच.

साहेब गेल्यावर मी काठी त्याच्यापुढे धरली.
त्यानं व्हरांड्याकडे बघितलं.
उजवं मनगट आता पुरतं वळत नाही त्याचं,
पाण्याची बादली डाव्या हातानं नेतो.
"एकच," म्हणाला, आणि चपला काढल्या.

मी चेंडूकडे बघायला हवं होतं.
मी ते मनगट बघत राहिले:
मागे गेलं, थांबलं, थांबलेलंच खाली आलं,
आणि अगदी शेवटी, उशीर झाला असं वाटतानाच,
सुटलं.

मग अंधार पडेपर्यंत
आम्ही दोघं मोबाइलच्या उजेडात चेंडू शोधत होतो.
साहेबांचा होता.
ते मोजून ठेवतात.